ठाण्याच्या उकाड्यात ब्लॅक फॉरेस्ट केक

बेकरीच्या ब्लॅक फॉरेस्टवर बसवलेली लालभडक चेरी बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते करवंद असतं. बिया काढलेलं, रंग चढवलेलं, साखरेच्या पाकात मुरवलेलं करवंद. दुकानातल्या लाल चेरीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून बघा, ‘करोंदा’ हे नाव बऱ्याचदा सापडतं.

करवंदाला नावं ठेवायची म्हणून हे सांगत नाहीये. मे महिन्यात येऊरच्या पाड्यांवरच्या बायका काळी करवंदं घेऊन ठाण्याच्या बाजारात बसतात, तेव्हा एक द्रोण घेतल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही. पण त्या करवंदाची आंबट, जराशी तुरट चव पाकात मुरलेल्या लाल गोळीत उरलेली नसते. आणि ब्लॅक फॉरेस्टचा सगळा जीव आंबटपणात आहे. कोको कडवट, क्रीम मऊ आणि गोड, मधे चेरीचा आंबट रस. यातला आंबटपणा गेला की उरतो तो नुसता क्रीम केक, दोन घासांनंतर नको वाटणारा. म्हणून या लेखात चेरीवर मी जरा जास्तच बोलणार आहे.

नाव आलं ते जर्मनीच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ, दाट जंगलाच्या भागावरून. जर्मन भाषेत त्या भागाला श्वार्त्सवाल्ड म्हणतात, म्हणजे काळं जंगल. तिथे चेरीपासून किर्शवासर नावाची पाण्यासारखी नितळ दारू गाळतात आणि अस्सल केकमध्ये तीच घालतात. जर्मनीत तर या नावाने केक विकायचा असेल तर त्यात किर्शवासरची चव कळली पाहिजे, असा दंडक आहे. केक पहिल्यांदा कोणी केला यावर मात्र तिथे अजून वाद आहे. योजेफ केलर नावाच्या कारागिराने आपण तो १९१५ साली बाड गोडेसबर्गमध्ये केल्याचं सांगितलं होतं, आणि ते गाव काळ्या जंगलात नाहीच, आता बॉन शहराचा भाग आहे. छापील पुस्तकात हा केक दिसतो तो १९३४ पासून.

आपल्या घरात लहान मुलं, आजी-आजोबा सगळेच केक खातात, त्यामुळे मी दारू घालत नाही. तिची जागा कशाने भरायची ते पुढे येईलच.

आधी वेळेचं गणित

पहिल्यांदाच करत असाल तर हा केक एका दिवसात उरकायला जाऊ नका. रविवारी वाढदिवस असेल तर शुक्रवारी रात्री क्रीम फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवा. शनिवारी सकाळी स्पंज भाजा, दुपारी चेरी शिजवा, रात्री केक रचा. रविवारी फक्त कापायचा. एका दिवसात करायला गेलं की गरम स्पंजवर क्रीम लावायची वेळ येते आणि सगळं घसरतं.

आपल्याकडे मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये स्वयंपाकघर भट्टीसारखं तापलेलं असतं, शिवाय खाडीकडून येणारी दमट हवा. क्रीम फेटायचं आणि केक सजवायचं काम रात्री नऊनंतर करा. एसी असलेल्या खोलीत टेबल मांडून केलंत तर उत्तम. एसी नसेल तर पहाट चांगली. घरातले उठायच्या आत काम संपतं.

काय काय लागेल

हे प्रमाण ७ इंची गोल टिनचं आहे, बाजू ३ इंच उंच. साधारण किलोभराचा केक होतो, दहा-बारा जणांना पुरतो.

स्पंजसाठी: खोलीच्या तापमानाला आलेली ४ अंडी, १२० ग्रॅम पिठीसाखर, ९० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, ३ मोठे चमचे वास नसलेलं तेल, २ मोठे चमचे दूध, १ चहाचा चमचा व्हॅनिला इसेन्स, चिमूटभर मीठ.

चेरीसाठी: ४०० ग्रॅम ताज्या चेरी, ७० ग्रॅम साखर, १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, एका लिंबाचा रस, पाणी.

मधल्या थरांसाठी आणि वरच्या सजावटीसाठी: ३५० ग्रॅम व्हिपिंग क्रीम आणि १०० ग्रॅम डार्क चॉकलेट.

वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, बाकीची भांडी नंतर. कपाने मापलेला मैदा दाबून भरला की सैल भरला यावर १२० ग्रॅमही भरतो आणि १५० ग्रॅमही. नवशिक्यांचा स्पंज दगड होतो त्यामागे बऱ्याचदा हाच फरक असतो. टर्नटेबल, नोझलचा संच वगैरे पहिल्या केकला लागत नाही. टर्नटेबलऐवजी पालथ्या वाटीवर ताट ठेवून फिरवलं तरी काम भागतं. हँड बीटर मात्र विजेवर चालणाराच हवा.

केकचं सामान ठाण्यात स्टेशनजवळच्या बाजारात, जांभळी नाक्याच्या आसपास सहज मिळतं. नवी मुंबईकरांना ताजी चेरी खोक्याने घ्यायची असेल तर तुर्भ्याच्या एपीएमसी फळबाजारात सकाळी लवकर जावं.

स्पंज

टिनच्या तळाला बटर पेपर घाला. बाजूंना काही लावू नका. अंड्यांचा स्पंज कोरड्या बाजूंना धरून वर चढतो, तेल लावलं तर त्याला धरायला काही उरत नाही. ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, १७० अंशांवर पंधरा मिनिटं तापत ठेवा, खालचा रॉड चालू, जाळी मधल्या खणात.

मैदा, कोको, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र तीनदा चाळा. तिसऱ्यांदा कशाला, असं वाटेल. कोकोत स्वतःचा स्निग्धांश असतो, त्यामुळे त्याच्या बारीक गुठळ्या होतात. त्या फेसात फुटत नाहीत आणि त्या फोडायला जास्त ढवळलं की फेस बसतो.

आता अंडी. एका पातेल्यात पाणी कोमट करा, त्यावर अंडी आणि पिठीसाखरेचं भांडं धरा आणि हलवत राहा. बोट बुडवून बघा. अंगापेक्षा थोडंसं गरम लागलं आणि साखर बोटांना खरखरीत लागेनाशी झाली की खाली उतरवा. बीटरने आधी मंद, मग पूर्ण वेगाने आठ ते दहा मिनिटं फेटा. पहिली तीन-चार मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं, फक्त मोठे मोठे बुडबुडे. पाचव्या मिनिटाला रंग बदलायला लागतो, पिवळ्याचा फिकट, सायीसारखा होतो, आणि फेस भांड्यात वर चढतो. बीटर उचलून बघा. खाली पडणारी धार पृष्ठभागावर नक्षीसारखी उमटून आठ-दहा सेकंद तशीच राहिली पाहिजे. याला रिबन स्टेज म्हणतात. लगेच बुडाली तर अजून दोन मिनिटं फेटा. इथे घाई केली तर पुढे काहीही करून केक फुगत नाही, कारण या स्पंजमधली बहुतेक हवा आत्ताच भरायची असते.

चाळलेलं मिश्रण तीन भागांत घाला. दर वेळी रबरी उलथन्याने मधून कापत तळापर्यंत जायचं, भांड्याच्या कडेने वर यायचं, भांडं थोडं फिरवायचं. यालाच कट अँड फोल्ड म्हणतात. गोल गोल घोटायचं नाही. दूध आणि तेल कोमट करून त्यात व्हॅनिला आणि दोन डाव मिश्रण घालून सारखं करा, मग ते परत मोठ्या भांड्यात सोडून हलक्या हाताने मिसळा. तेल थेट ओतलं तर जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतं आणि भाजल्यावर खाली रबरासारखा चिवट थर निघतो.

टिनमध्ये ओता, ओट्यावर एकदाच आपटा, लगेच ओटीजीत ठेवा. तीस ते पस्तीस मिनिटं. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. मधोमध बोटाने हलकं दाबल्यावर खळगा न राहता स्पंज परत वर आला आणि टूथपिक कोरडी निघाली की झालं. प्रत्येक ओटीजीचा स्वभाव वेगळा असतो, काटा १७० दाखवतो आणि आत १९० असतं. पहिल्याच केकला वरून तडा गेला, घुमट आला, तर पुढच्या वेळी दहा अंश कमी ठेवा.

बाहेर काढल्यावर टिन जाळीवर उलटा ठेवा, दहा मिनिटांनी बाजूने सुरी फिरवून स्पंज सोडवा. पूर्ण गार झाला की क्लिंग फिल्ममध्ये किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि निदान सहा तास हात लावू नका. ताजा स्पंज कापताना चुरा होतो, मुरलेला सरळ कापला जातो.

ओटीजी नाही? जाड बुडाच्या जुन्या कढईत दोन वाट्या मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं तापवा, मग टिन आत ठेवून मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं द्या. कितीतरी घरांत पहिला केक असाच झाला आहे. वरून रंग कमी येतो, पण आपल्या केकवर क्रीमच चढणार आहे.

अंडं चालत नसेल तर हिशोब वेगळा. १४० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कोको, सव्वा चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा चाळून घ्या. २०० ग्रॅम ताजं दही आणि १५० ग्रॅम पिठीसाखर फेटा, त्यात १०० मिली तेल आणि व्हॅनिला, मग कोरडं मिश्रण. घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की बुडबुडे लगेच सुटायला लागतात, म्हणून मिश्रण तयार झाल्यावर पाच मिनिटंही ओट्यावर ठेवू नका. या स्पंजला टिनच्या बाजूंना तेल लावायचं. तापमान तेच, वेळ पाच मिनिटं जास्त.

चेरी

खऱ्या चेरीचा आपल्याकडचा हंगाम छोटा, मे ते जुलै. हिमाचलची आणि काश्मीरची चेरी छोट्या खोक्यांतून येते. गडद, जवळजवळ काळपट लाल रंगाची आणि देठ हिरवे असलेली घ्या. देठ वाळून तपकिरी झाले असतील तर माल जुना. घरी आणल्यावर धुऊ नका, वापरायच्या वेळीच धुवा. पाणी लागलेली चेरी आपल्या हवेत रात्रभरात बुरशी धरते.

बिया काढायला खास उपकरण लागत नाही. अरुंद तोंडाची काचेची बाटली घ्या, सॉसची चालते. चेरीचा देठ काढून ती बाटलीच्या तोंडावर देठाची बाजू वर ठेवा आणि चॉपस्टिकने किंवा जाड स्ट्रॉने मधोमध दाबा. टप्प असा आवाज येतो, बी बाटलीत पडते आणि रसही बाटलीतच उतरतो. चारशे ग्रॅमला वीस मिनिटं लागतात. गडद कपडे घाला, आणि संगमरवरी ओटा असेल तर खाली वर्तमानपत्र पसरा, चेरीचा डाग सहजी जात नाही. बाटलीत जमलेला रस फेकू नका, तो पातेल्यात जायचा आहे.

वर सजवायला देठासकट दहा चेरी बाजूला ठेवा. बाकीच्या साखर आणि १५० मिली पाण्यात मंद आचेवर सहा-सात मिनिटं शिजवा. चेरी मऊ पडाव्यात, पण आकार राहावा. आता गाळणीतून रस वेगळा करा. निम्मा रस वाटीत काढून ठेवा, तो स्पंज भिजवायला. उरलेला रस चेरीसकट परत पातेल्यात. कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून त्यात घाला आणि एक उकळी येऊ द्या. उकळी आल्याशिवाय कॉर्नफ्लोअर दाट होत नाही, आणि कच्चं राहिलं तर जिभेला पिठूळ लागतं. रस काचेसारखा चकचकीत झाला, चमच्याच्या पाठीवर टिकला, की गॅस बंद.

मग लिंबू. जर्मनीत या केकला आंबट जातीची चेरी वापरतात. आपल्याकडे येते ती गोड जात, काश्मीरची मिश्री तर खूपच गोड. म्हणून लिंबाचा रस घालायचाच. थोडा थोडा घालून चाखत जा. नुसतं चाखल्यावर ‘जरा जास्तच आंबट झालं’ असं वाटलं पाहिजे, कारण ते क्रीमच्या दोन थरांमधे जाणार आहे. क्रीम त्याची धार कमी करतं.

किर्शवासरची जागा भरायला मी बरेच प्रयोग केले. बाजूला काढलेल्या रसात चार-पाच आमसुलं धुऊन तासभर भिजत टाकायची आणि मग रस गाळून घ्यायचा, हा मला सगळ्यात आवडलेला. कोकमाची आंबट-तुरट चव आणि गडद रंग चेरीशी असा मिसळतो की खाणाऱ्याला कोकम वेगळं ओळखू येत नाही, फक्त चव भरल्यासारखी लागते. आमसुलाला मीठ लावलेलं असेल तर नीट धुवा. मे महिन्यात पिकलेली काळी करवंदं मिळाली तर मूठभर करवंदं थोड्या पाण्यात उकळून, कुस्करून, गाळून तो गर घालूनही बघा. चीक असतो, म्हणून उकळल्याशिवाय वापरू नका.

हंगाम नसेल तर डब्यातली, पाकातली चेरी घ्या. डबा उघडून पाक चाखा, फार गोड असेल तर साखर अजिबात घालू नका आणि लिंबू दुप्पट करा. गोठवलेली चेरीही चालते, ती थेट पातेल्यात घालायची.

भरण पूर्ण गार झाल्याशिवाय केकजवळ नेऊ नका. कोमट चेरीने क्रीम वितळलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, माझ्याच ओट्यावर.

क्रीम

बाजारात दोन प्रकार आहेत आणि फरक समजून घेतला तर पैसे वाया जात नाहीत. एक दुधाचं. त्यात निदान ३० ते ३५ टक्के फॅट असेल तरच ते फेटून उभं राहतं. भाजीत घालायचं साधं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांच्या आसपास असतं, ते कितीही फेटलं तरी सैलच राहणार. दुसरं नॉन-डेअरी, वनस्पती तेलापासून केलेलं, गोठवलेलं मिळतं, त्यात साखर आधीच असते.

चव दुधाच्या क्रीमचीच. त्यात दुमत नाही. पण ते आपल्या उन्हाळ्यात वीस मिनिटं टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत जरूर वापरा, दोन-तीन चमचे पिठीसाखर घालून. एरवी पहिल्या केकला नॉन-डेअरी घ्या, किंवा दोन्ही निम्मं निम्मं. मी वर्षभर निम्मं-निम्मं वापरते.

नॉन-डेअरी क्रीम घेताना पाकीट हातात धरून बघा, दगडासारखं कडक हवं. एकदा एका दुकानातून आणलेलं पाकीट अर्धवट मऊ होतं, घरी आणून परत गोठवलं, आणि दुसऱ्या दिवशी फेटलं तेव्हा पाणी वेगळं आणि गुठळ्या वेगळ्या. एकदा वितळून पुन्हा गोठलेलं क्रीम उभं राहत नाही. तेव्हापासून दुकानात थर्माकोलचा डबा घेऊन जाते आणि तिथून थेट घर गाठते.

रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून क्रीम वितळलं की वापरायच्या आधी भांडं आणि बीटरच्या काड्या पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. क्रीममध्ये बारीक बर्फाचे कण अजून जाणवत असतील तर छान. तीन-चार चमचे क्रीम वेगळं काढून फ्रिजमध्ये ठेवा, त्याचं काम पुढे आहे. उकाडा असेल तर भांड्याखाली बर्फाच्या पाण्याचं ताट ठेवा. मध्यम वेगाने फेटायला लागा.

इथे कानही वापरायचे. सुरुवातीला बीटर पाण्यात फिरल्यासारखा आवाज करतो, मग आवाज जड होतो. काड्यांच्या खुणा क्रीमवर राहायला लागतात. तेव्हा थांबून काडी उचला. टोक उभं राहून शेंड्याला थोडंसं वाकलं की थर लावायला आणि गुळगुळीत करायला हेच बरोबर. फुलं काढायचं क्रीम वेगळं घेऊन अजून पंधरा-वीस सेकंद. त्यापुढे गेलं की क्रीम रवाळ दिसायला लागतं, सुरीने पसरताना फाटतं. घाबरू नका. बाजूला ठेवलेलं न फेटलेलं क्रीम एकेक चमचा घालून हाताने हळू मिसळा, परत सरळ होतं.

केक रचणं

स्पंजचे तीन थर कापायचे. बाजूला टूथपिक टोचून उंची खूण करा. लांब सुरीने आधी फक्त कडेने अर्धा इंच चीर द्या, सुरी स्थिर ठेवून केक फिरवा. मग त्या चिरेत मजबूत शिवणाचा दोरा बसवा, दोन्ही टोकं समोर आणून एकमेकांवरून फिरवा आणि ओढा. थर सपाट सुटतो. नवशिक्याच्या हाताला सुरीपेक्षा दोरा जास्त साथ देतो.

केक बोर्डवर क्रीमचा एक ठिपका लावून पहिला थर चिकटवा. राखून ठेवलेला रस चमच्याने शिंपडा, तीन-चार मोठे चमचे, कडेपासून आत येत. कडा लवकर कोरड्या पडतात म्हणून तिथे आधी. बोटाने दाबल्यावर ओल जाणवली पाहिजे, रस वर आला नाही पाहिजे. त्यावर क्रीमचा पातळ थर. आता पायपिंग बॅगमध्ये, नसेल तर दुधाच्या पिशवीचं टोक कापून, क्रीम भरा आणि कडेने गोल बांध घाला. या बांधाच्या आत निम्म्या चेरी पसरा. बांध नसेल तर चेरीचा लाल रस बाजूंनी ओघळून पांढऱ्या क्रीममध्ये उतरतो. दुसरा थर तसाच. तिसरा थर पालथा ठेवा, म्हणजे टिनच्या तळाची सपाट बाजू वर येते. तळहाताने हलकेच सगळीकडून दाबा, वाकून डोळ्यांच्या रेषेत बघा, एका बाजूला कलला असेल तर आत्ताच सरळ करा.

आधी सगळीकडून अगदी पातळ क्रीम, स्पंजचा चुरा पकडून ठेवण्यापुरतं. अर्धा तास फ्रिज. उरलेलं क्रीमही तोवर फ्रिजमध्येच. मग खरा थर. अगदी गुळगुळीत झाला नाही तरी चालेल, या केकची खुबी अशी की बाजूंना चॉकलेटचा चुरा येतो आणि सगळं झाकतो.

त्या चुऱ्यासाठी चॉकलेटची जाड वडी हवी, बटाट्याच्या सोलाण्याने खरवडायची. फ्रिजमधून काढून लगेच खरवडली तर भुगा पडतो, आणि आपल्या हवेत तशीच ठेवली तर हातात चिकटते. दहा मिनिटं फ्रिजमध्ये, मग पाच मिनिटं बाहेर, एवढ्यात सुंदर वळ्या निघतात. वडी बटर पेपरमध्ये धरा, तळहाताची ऊब लागू देऊ नका. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, चवीला कमी, पण उन्हाळ्यात वितळायला वेळ घेतं. मेमध्ये मी वरच्या सजावटीला तेच वापरते आणि याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

चुरा ताटात ठेवा, केक त्यावर थोडा कलता धरून चमच्याने बाजूंना लावत फिरवा. हाताने लावलात तर वितळतो. वर कडेने क्रीमचे दहा गुच्छ काढा, मधे चुऱ्याचा ढीग, प्रत्येक गुच्छावर एक देठाची चेरी. निदान चार तास, शक्यतो रात्रभर फ्रिज. याच वेळात रस स्पंजमध्ये मुरतो. रचल्या रचल्या कापलेला आणि रात्रभर मुरलेला, दोन्ही तुकडे खाऊन बघितलेत तर वाट बघणं सोपं जाईल.

दुसरीकडे न्यायचा असेल तर

भाचीच्या वाढदिवसाला केक घेऊन मानपाड्याहून निघाले, कापूरबावडीला रिक्षा खड्ड्यात गेली आणि वरचा थर दोन इंच सरकला. मुलांनी आनंदाने खाल्ला, पण त्या दिवसापासून मी केक न्यायच्या आधी वरून तळापर्यंत दोन जाड स्ट्रॉ उभ्या खुपसते, वरचं टोक कापून क्रीमने झाकते. कापताना त्या काढायला विसरायचं नाही. केकचा डबा मांडीवर घेऊ नका, मांडी तिरकी असते आणि अंगाची ऊब लागते. पायाशी सपाट ठेवा, खाली ओलं फडकं घातलं तर डबा सरकत नाही. उन्हात तासाभराचा प्रवास असेल तर डब्याभोवती बर्फाच्या पिशव्या. लोकलने न्यायचा तर दुपारची वेळ बघा, गर्दीत डबा सपाट राहत नाही.

कापताना लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकच काप. प्रत्येक तुकड्यानंतर पुन्हा बुडवायची, पुन्हा पुसायची. तरच तिन्ही थर आणि मधली लाल रेघ स्वच्छ दिसते. उन्हाळ्यात केक अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उरलेला झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहतो, तिसऱ्या दिवशी क्रीमला फ्रिजमधल्या कांद्या-लसणाचा वास लागायला लागतो.

चेरीचा रस उरला असेल तर ग्लासात दोन चमचे घाला, बर्फ, चिमूटभर मीठ आणि वर सोडा.